पुन्हा टाकलं एक लिनक्स, रखडतंय दुसरंच

पाटीकोरी
एकाच संगणकावर दोन लिनक्स आहेत. रोजच्या कामाला उबंटू, आणि वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या कप्प्यावर) खेळायला, मोडायला एक दुसरं वितरण (लिनक्सचाच दुसरा प्रकार). ते दुसरं इतकं मोडलं की पुसून त्याच जागी नव्याने टाकलं. नवीन टाकलेलं झकास आहे, बटण दाबल्यावर थोड्याच वेळात लॉगिन समोर. पण ज्याला मी बोटही लावलं नाही ते उबंटू आता सुरू व्हायला दोन मिनिटांच्या वर घेतंय. आधी साधारण वीस सेकंदांत यायचं.

गंमत म्हणजे एकदा सुरू झालं की सगळं पूर्वीसारखंच पळतं. ब्राउझर, फाइली, कशातच फरक नाही. एसएसडी आहे, रॅम १६ जीबी, डिस्क निम्मी रिकामी. हे काय गौडबंगाल आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मधलीसुट्टी
स्टार्टअपला काय काय उघडतंय ते बघा, नको ते बंद करा. नव्वद टक्के वेळा तेच असतं.

पाटीकोरी
@मधलीसुट्टी, ते लॉगिन केल्यानंतरचं झालं ना? इथे लॉगिनचा पडदा यायलाच वेळ लागतोय.

रिकामाखोका
सरळ तेही फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका. शोधत बसण्यापेक्षा तासाभरात काम होतं.

जुनाखोड
@रिकामाखोका, तासाभरात उबंटू येईल, पण त्यावरची सगळी मांडामांड परत लावायला किती दिवस जातील? शिवाय एक पुन्हा टाकल्यामुळे दुसरं बिघडलंय. दुसरं पुन्हा टाकलं की पहिलं बिघडायची शक्यता तेवढीच. का ते पुढे कळेलच.

पाटीकोरी, उपाय नंतर. आधी मोजमाप. टर्मिनल उघडा आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' एवढंच चालवा. (मी इथे देवनागरीत लिहितोय, तिथे अर्थातच रोमन अक्षरांत टंका.) सिस्टमडी म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्या सर्व्हिस उभ्या करणारा प्रोग्रॅम, तो वेळेचा हिशोबही ठेवतो. एक ओळ येईल: कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) इतका वेळ, यूझरस्पेसला (त्यावर चालणाऱ्या बाकी सगळ्याला) इतका वेळ. यंत्र यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेल्या नव्या प्रकारावर) सुरू होत असेल तर फर्मवेअर (यंत्रातच भरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम) आणि लोडर (लिनक्स उचलून देणारा) असे आणखी दोन आकडे त्याच ओळीत दिसू शकतात. ती ओळ इथे द्या. अंदाजाने सांगू नका, आकडे द्या.

कळफलक
त्यासोबत 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' पण चालवा. कोणती सर्व्हिस किती वेळ खाते त्याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. वरच्या दोनतीन बंद केल्या की काम फत्ते.

पाटीकोरी
दोन्ही चालवलं.

कर्नल: ३४.८ सेकंद
यूझरस्पेस: १ मिनिट ३३.१ सेकंद
एकूण: २ मिनिटं ७.९ सेकंद

फर्मवेअर, लोडर दिसत नाही. जुनं यंत्र आहे, बायोसवालं.

ब्लेमच्या यादीत पहिला नंबर 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन'चा, २.१ सेकंद. त्याखालचं सगळं दोन सेकंदांच्या आत. यादीतलं सगळं जोडलं तरी दीड मिनिट होत नाही. मग बाकीचा वेळ गेला कुठे?

कळफलक
नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन मास्क करून टाका, म्हणजे ती सुरूच होणार नाही. मी सगळ्या यंत्रांवर करतो.

जुनाखोड
@कळफलक, थांबा जरा. ती सर्व्हिस 'नेटवर्क आलं' अशी खूण करण्यापुरती असते. ज्यांना नेटवर्क लागतंच, म्हणजे नेटवर्कवरची डिस्क वगैरे, ते तिच्यासाठी थांबतात. लॉगिनचा पडदा साधारणपणे तिच्यासाठी थांबत नाही. ती मास्क करून यादीतला पहिला नंबर जाईल, दोन मिनिटं आहेत तशीच राहतील.

ब्लेमबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, यादीतल्या सर्व्हिस एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे बेरीज करून काही हाती लागत नाही. दोन, आणि इथे हेच महत्त्वाचं: ही यादी सांगते कोणाला सुरू व्हायला किती वेळ लागला. जे कधी सुरूच झालं नाही ते या यादीत येईलच असं नाही. पाटीकोरी, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. बाकीचा वेळ गेला कुठे, तर अशा कोणाची तरी वाट बघण्यात, जो आलाच नाही.

आता आकडे नीट बघा. यूझरस्पेस ९३ सेकंद. त्यातले ९० काढा, उरतात ३. कर्नल ३४.८. त्यातले ३० काढा, उरतात ४.८. एसएसडीवर तीन आणि पाच सेकंद अगदी नॉर्मल. म्हणजे तुमचं यंत्र हळू झालेलंच नाही. ते दोन ठिकाणी स्वस्थ बसून राहतंय, एकदा ३० सेकंद आणि एकदा ९० सेकंद.

असे ठोकळ आकडे आपोआप येत नाहीत, ते कोणीतरी ठरवून ठेवलेले असतात. सिस्टमडीत एखादी गोष्ट सुरू होण्यासाठी थांबायची डिफॉल्ट मुदत ९० सेकंद असते. खरोखर काम करून दमलेलं यंत्र रोज नेमकं ९० वर थांबत नाही.

आता 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन' चालवा आणि साखळीत वेळ एकदम कुठे उडी मारतो ते बघा. मग 'जर्नलसीटीएल -बी' (यंत्र या वेळी सुरू झाल्यापासूनची नोंदवही) उघडून त्यात 'टाइम्ड आउट' शोधा.

मधलीसुट्टी
९० काढा, ३ उरतात हे आवडलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाटीकोरी
क्रिटिकल-चेनमध्ये खालच्या ओळी सगळ्या पहिल्या सेकंदाच्या आतल्या. मग 'सिसइनिट डॉट टार्गेट' (प्राथमिक तयारी संपल्याची पायरी) थेट १ मिनिट ३० सेकंदांवर. त्याच्या वरचं सगळं पुढच्या तीन सेकंदांत.

जर्नलमध्ये हे सापडलं: 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस', पुढे डिस्क-बाय-यूयूआयडी आणि एक भलामोठा क्रमांक. लगेच खाली 'डिपेंडन्सी फेल्ड फॉर', पुन्हा तोच क्रमांक, आणि शेवटी 'स्वॅप'.

सुरू होताना चित्र दिसतं तेव्हा एस्केप दाबलं तर मागे 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ आणि सेकंद मोजणारा आकडा दिसला. हद्द ९० सेकंद. तुम्ही म्हणालात तसंच.

जुनाखोड
सापडला. स्वॅपचं (रॅम अपुरी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं) वेगळं पार्टिशन आहे का? आणि ते दोन्ही लिनक्स मिळून वापरतात का?

पाटीकोरी
हो. ८ जीबीचं एकच, दोघांत सामायिक. पहिल्यांदा मांडणी केली तेव्हाच तसं ठेवलं होतं, जागा वाचावी म्हणून.

जुनाखोड
मग असं झालंय. स्वॅप पार्टिशन 'एमकेस्वॅप'ने तयार होतं आणि दर वेळी तयार करताना त्याला नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) मिळतो. नवीन लिनक्स टाकताना डिस्कवर स्वॅप दिसलं की बरेच इन्स्टॉलर ते स्वतःसाठी घेतात आणि घेताना फॉरमॅटही करतात. त्यात वाचवण्यासारखा डेटा नसतो, त्यामुळे कोणी वेगळं विचारतही नाही. पार्टिशन तेच, जागा तीच, क्रमांक नवा. नव्या लिनक्सला नवा क्रमांक माहीत आहे, म्हणून ते पळतंय. उबंटूच्या '/इटीसी/एफएसटॅब'मध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीत) मात्र अजून जुना क्रमांक आहे. बिऱ्हाड बदललेल्या माणसाच्या जुन्या दारावर ते रोज दीड मिनिट टकटक करतं, मग कंटाळून पुढे जातं.

स्वॅप न मिळाल्यामुळे उबंटू अडून बसत नाही, नुसतं थांबून पुढे सरकतं. हेच एखाद्या साध्या माउंटच्या (फाइलींसाठी जोडलेल्या पार्टिशनच्या) बाबतीत झालं असतं, समजा '/होम'च्या, तर दीड मिनिटानंतर लॉगिन न येता थेट इमर्जन्सी मोड (नुसता दुरुस्तीपुरता काळा पडदा) आला असता. त्या मानाने तुम्ही नशीबवान.

खात्री करून घ्या. 'एलएसबीएलके -एफ' चालवा, सगळी पार्टिशनं आणि त्यांचे यूयूआयडी दिसतील. स्वॅपसमोरचा क्रमांक आणि एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीतला क्रमांक शेजारी ठेवून बघा. 'स्वॅपऑन --शो' पण चालवा, माझ्या अंदाजाने काहीच दिसणार नाही.

पाटीकोरी
दोन्ही क्रमांक साफ वेगळे. आणि 'स्वॅपऑन --शो' खरंच रिकामं! म्हणजे इतके दिवस उबंटू स्वॅपशिवायच चाललंय?

जुनाखोड
हो. १६ जीबी रॅममुळे जाणवलं नाही इतकंच.

चौकटराजा_नाही
मग एमकेस्वॅप -यू देऊन जुना क्रमांकच परत बसवता येईल की. एफएसटॅबला हात लावायलाच नको.

जुनाखोड
@चौकटराजा_नाही, बसवता येईल. स्वॅप बंद करून 'स्वॅपलेबल -यू' दिलं तर फॉरमॅट न करताही क्रमांक बदलतो. पण मग नव्या लिनक्सच्या एफएसटॅबमधला क्रमांक चुकीचा होईल आणि दीड मिनिटाची बैठक तिकडे सरकेल. दोघांपैकी एकाची फाइल बदलायचीच आहे, तर जे आधीच चुकीचं आहे तेच बदलावं.

पाटीकोरी, क्रम असा:

एफएसटॅबची प्रत काढून ठेवा. ही सवय लावूनच घ्या, या फाइलमधला एक चुकलेला शब्दही यंत्र इमर्जन्सी मोडला नेऊ शकतो. मग सुडो देऊन (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) फाइल उघडा, स्वॅपच्या ओळीतला जुना क्रमांक काढून नवा चिकटवा. हाताने टंकू नका, ३६ अक्षरं असतात, कॉपी-पेस्ट करा. बाकी ओळीला हात नको.

रीबूट करायच्या आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. तो एफएसटॅब वाचून कुठला क्रमांक प्रत्यक्षात अस्तित्वात नाही ते सांगतो. ही कमांड फार लोकांना माहीत नाही, पण हिच्यामुळे इमर्जन्सी मोडमधल्या कित्येक रात्री वाचतात. मग 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'स्वॅपऑन -ए'. आता 'स्वॅपऑन --शो'मध्ये ८ जीबी दिसायला हवेत. दिसले की रीबूट.

निशाचर_घुबड
थोडं अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. दोन लिनक्समध्ये एकच स्वॅप ठेवलं असेल तर हायबरनेट वापरू नका. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी तिथूनच उचललं जातं. एक लिनक्स असं झोपवलं आणि दुसरं सुरू केलं, की दुसरं त्याच जागेवर आपलं स्वॅप चालू करतं. झोपवलेल्याचं उघडं काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे दोघांनी एखादं डेटाचं पार्टिशनही सामायिक ठेवलं असेल तर. झोपलेल्या लिनक्सच्या डोक्यात त्या पार्टिशनचं जुनं चित्र असतं, मधल्या काळात दुसऱ्याने त्यावर लिहिलेलं असतं, आणि पहिलं जागं होऊन जुन्या चित्रानुसार लिहायला लागतं. फाइल सिस्टमचा चुराडा होतो.

नुसतं सस्पेंड केलं तर हा प्रश्न नाही, ते रॅममध्येच राहतं.

पाटीकोरी
@निशाचर_घुबड, मी हायबरनेट कधीच वापरत नाही, पण लक्षात ठेवते.

@जुनाखोड, तुमच्या क्रमाने केलं. व्हेरिफायने आधी जुन्या क्रमांकावर बोट ठेवलं होतं, बदलल्यावर तक्रार गेली. स्वॅप ८ जीबी दिसतंय. रीबूट केलं:

कर्नल: ३४.६ सेकंद
यूझरस्पेस: ३.४ सेकंद

९० गेले! पण कर्नलचे ३० तसेच आहेत.

कळफलक
कर्नलमध्ये वेळ म्हणजे ड्रायव्हरचा घोळ असणार. ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे? जुना कर्नल टाकून बघा.

जुनाखोड
@कळफलक, या ओळीतलं 'कर्नल' फसवं आहे. डेबियन-उबंटू घराण्यात खरी डिस्क माउंट होण्याआधी इनिटरॅमएफएस नावाचं छोटं तात्पुरतं जग उभं राहतं. त्यात जाणारा वेळही सिस्टमडी कर्नलच्याच खात्यात टाकतं, कारण सिस्टमडीचा स्वतःचा कारभार त्यानंतर सुरू होतो. काही इतर वितरणांत इनिटआरडी असा वेगळा आकडा दिसतो, तिथे हा गोंधळ होत नाही. म्हणून ड्रायव्हरवर संशय घ्यायच्या आधी इनिटरॅमएफएसमध्ये कोण थांबलंय ते बघायचं.

आणि बहुतेक हे त्याच जुन्या क्रमांकाचं दुसरं टोक आहे. हायबरनेट केलेलं काही आहे का, हे इनिटरॅमएफएस दर वेळी तपासतं, तुम्ही हायबरनेट वापरा वा न वापरा. कुठे शोधायचं ते '/इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम' या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथेही स्वॅपचा यूयूआयडीच असतो. ते पार्टिशन सापडलं नाही की ३० सेकंद वाट बघून सोडून देतं.

ग्रबच्या (सुरुवातीला कोणतं लिनक्स हवं ते विचारणाऱ्या) मेन्यूत ई दाबून लिनक्सच्या ओळीतले 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द तेवढ्या एका वेळेपुरते काढा आणि सुरू करा. पडद्यावर 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' असं दिसलं तर माझं म्हणणं खरं.

पाटीकोरी
शब्दशः तीच ओळ आली! रिझ्यूम फाइलमध्येही जुनाच क्रमांक आहे. इथेही नवा टाकू का?

जुनाखोड
तुम्ही हायबरनेट वापरत नाही आणि स्वॅप सामायिक आहे, तर नवा क्रमांक टाकूच नका. त्या जागी 'रिझ्यूम=नन' लिहा (रिझ्यूम कॅपिटलमध्ये, नन साध्या अक्षरांत). मग शोधाशोधच नाही, आणि पुढे कधी स्वॅप पुन्हा फॉरमॅट झालं तरी हे टोक सुटणार नाही.

फाइल बदलून भागत नाही. इनिटरॅमएफएस ही आधीच बांधून ठेवलेली पेटी असते, ती परत बांधावी लागते: 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल'. -के ऑल विसरू नका. नुसतं -यू दिलं तर सर्वांत नव्या कर्नलची पेटीच बदलते. मग एखादे दिवशी जुन्या कर्नलने सुरू केलं की ३० सेकंद परत दारात उभे.

'/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्येही एक नजर टाका. काही जण तिथे 'रिझ्यूम=यूयूआयडी' असं हाताने लिहून ठेवतात. तसं असेल तर तेही काढा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा.

पाटीकोरी
ग्रबमध्ये काही नव्हतं. बाकीचं केलं.

कर्नल: ४.७ सेकंद
यूझरस्पेस: ३.३ सेकंद
एकूण: ८ सेकंद

आधीपेक्षाही लवकर येतंय असं वाटतंय! सगळ्यांचे आभार, जुनाखोड यांना दंडवत.

जुनाखोड
आधीचे वीस सेकंद तुम्ही बटण दाबल्यापासून मोजले असणार, त्यात बायोस आणि ग्रबचा मेन्यूही आला. हे आठ त्यानंतरचे. म्हणजे होतं तसं झालंय इतकंच.

रिकामाखोका
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सनातनी_इनिट
सिस्टमडी नसतं तर हा प्रश्नच आला नसता. पूर्वी साध्या स्क्रिप्ट होत्या, स्वॅप नाही मिळालं तर पुढे.

जुनाखोड
@सनातनी_इनिट, पूर्वीच्या स्क्रिप्ट बहुतेक एकामागून एक चालायच्या, त्यामुळे सगळंच उशिरा यायचं आणि वेगळं काही जाणवायचं नाही. सिस्टमडी २०१० मध्ये आलं तेव्हापासून हे रण चालू आहे. वेगळा धागा काढा, मीही येतो, इथे नको. आणि यातले ३० सेकंद तर सिस्टमडीचे नव्हतेच.

तांबडफुटी
माझं थोडं वेगळं आहे, इथेच विचारू का? विंडोज १० पुन्हा टाकलं, तेव्हाच एक दुसरी डिस्कही जोडली. आता बटण दाबल्यावर बराच वेळ काळा पडदा, मग एकदम पटकन सगळं. विंडोजमध्ये ते सिस्टमडी-अ‍ॅनलाइझसारखं काही आहे का?

जुनाखोड
इतकं सविस्तर नाही, पण तुमच्या प्रश्नापुरतं आहे. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप टॅबवर उजवीकडे वर 'लास्ट बायोस टाइम' असा आकडा असतो (यंत्र यूईएफआयवर असेल तर). फर्मवेअरने विंडोजच्या हाती कारभार देईपर्यंतचा तो वेळ.

तांबडफुटी
२८.४ सेकंद.

जुनाखोड
मग विंडोजचा यात काही संबंध नाही. त्याच्या हाती यंत्र यायच्या आधीच अठ्ठावीस सेकंद गेलेत. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डर बघा. नेटवर्कवरून बूट करणं वर असेल तर ते आधी नेटवर्कवर कोणी उत्तर देतंय का बघत बसतं. यूएसबी किंवा नवी डिस्क वर असेल तर तीही चाचपडली जाते. विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर न्या, नेटवर्क बूट लागत नसेल तर बंदच करा. तरी आकडा खाली आला नाही तर नवी डिस्क तात्पुरती काढून बघा. डिस्क किंवा तिची केबल उत्तर द्यायला वेळ घेत असेल तर फर्मवेअर तिच्यासाठीही थांबतं.

आणखी एक. मोजताना रीस्टार्ट आणि शटडाउन यात गल्लत करू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आहे. तो चालू असला की शटडाउन करताना कर्नलचं सत्र डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि सुरू करताना तेच उचललं जातं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. दोन्हींचे वेळ वेगळेच येणार. नव्याने टाकल्यावर सुरुवातीला इंडेक्सिंग, अपडेट, ड्रायव्हर असं बरंच काही मागे चालू असतं, तेव्हाचे आकडे धरू नका.

निशाचर_घुबड
आणि ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे त्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावा. वर सांगितलेला हायबरनेटचा धोका तिथेही तसाच आहे.

तांबडफुटी
नेटवर्क बूट पहिल्या नंबरवर होतं! खाली ढकललं. आता ९.१ सेकंद. धन्यवाद.

खुडबुड_चालू
इथले सगळे आकडे ठोकळ निघतायत, माझे नाहीत. म्हणून विचारतो. जुना लॅपटॉप, साधी फिरती हार्ड डिस्क. हळू झाला म्हणूनच लिनक्स पुन्हा टाकलं. सुरुवातीला बरा वाटला, आता परत तेच. कधी मिनिटभर, कधी तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त. टाइम्ड आउट वगैरे जर्नलमध्ये काही नाही.

जुनाखोड
तुमचं उलटं आहे. पाटीकोरींचं यंत्र वाट बघत होतं, तुमचं खरंच कष्ट करतंय आणि दर वेळी वेगळे कष्ट करतंय. अशा वेळी पहिला संशय डिस्कवर. 'डीमेसेज'मध्ये एटीएच्या एरर दिसतात का बघा, 'फेल्ड कमांड' असं काही. आणि 'स्मार्टसीटीएल -ए' (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद दाखवतं) चालवून तीन ओळींचा शेवटचा आकडा सांगा: ५, १९७ आणि १९९.

खुडबुड_चालू
डीमेसेजमध्ये एरर भरपूर आहेत, 'रीड' आणि 'फेल्ड' दिसतंय.
५: १६
१९७: ४८
१९९: ०

जुनाखोड
हे वाचून झालं की सगळं सोडा आणि आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. निदान नंतर.

१९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे). ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले. वाचता न येणारा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ त्या फाइलची वाट बघणारं सगळं थांबतं. सुरू होताना नेमक्या कोणत्या फाइली त्या भागावर पडतात यावर तुमचा वेळ ठरतो, म्हणून तो रोज वेगळा. १९९ वाढलेला असता तर केबलवर संशय घेतला असता, पण तो शून्य आहे. म्हणजे दोष डिस्कच्या आतच.

पुन्हा टाकल्यावर सुरुवातीला बरा वाटला याचंही आश्चर्य नाही. नव्याने लिहिताना फाइली दुसऱ्या जागी गेल्या, आणि ज्या वाईट सेक्टरवर लिहिलं गेलं ते डिस्कने बदलून घेतले. मग नवीन जागा खराब व्हायला लागल्या. ही डिस्क कितीही वेळा पुसून लिनक्स टाकलं तरी सुधारणार नाही. बदला.

खुडबुड_चालू
फाइली उतरवायला घेतल्यात. काही फोल्डरवर अडकतंय.

निशाचर_घुबड
अडकलेल्या ठिकाणी हट्ट करू नका, ते सोडून आधी बाकीचं घ्या. अडकलेल्यासाठी नंतर 'डीडीरेस्क्यू' वापरा. तो आधी सहज वाचता येणारं उचलतो आणि अवघड भाग शेवटी ठेवतो. मात्र प्रत दुसऱ्या डिस्कवरच घ्या आणि मॅप फाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तर तिथूनच पुढे सुरू होतं.

दोनखणी
माझा आकडा ठोकळच आहे, पण ९० नाही. घरातला छोटा सर्व्हर, उबंटू सर्व्हर पुन्हा टाकलं. यूझरस्पेस २ मिनिटं ४ सेकंद. १२० काढले तर ४ उरतात, म्हणजे मीही रांगेतला. पण स्वॅप ठीक आहे, व्हेरिफायला तक्रार नाही.

जुनाखोड
१२० म्हणजे बहुतेक 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन'. त्याची डिफॉल्ट मुदत तेवढीच आहे. यंत्राला नेटवर्कचे किती पोर्ट आहेत आणि किती केबल लावल्यात?

दोनखणी
पोर्ट दोन, केबल एक. दुसरा कधी लागला तर म्हणून मोकळा.

जुनाखोड
इन्स्टॉल करताना दोन्ही पोर्टना डीएचसीपी (नेटवर्ककडून आपोआप पत्ता घेणं) लावलं गेलं असणार. '/इटीसी/नेटप्लॅन'मधली फाइल बघा, दोघांची नावं असतील. केबल नसलेला पोर्ट कधीच ऑनलाइन येत नाही आणि हा त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबतो.

कळफलक यांचा मास्क करण्याचा उपाय इथे निदान योग्य जागी बसला असता, पण सर्व्हरवर मी तो करणार नाही. नेटवर्क आल्यावरच सुरू व्हायला हवं असं काहीतरी तिथे असतंच. त्यापेक्षा मोकळ्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' ही एक ओळ घाला. फक्त मोकळ्या पोर्टखाली, दोन्हींखाली नको. ओळ आत सरकवताना स्पेस वापरा, टॅब नाही, त्या फाइलला टॅब चालत नाही.

दोनखणी
सर्व्हरला पडदा-कळफलक जोडलेला नाही, सगळं दुसऱ्या यंत्रावरून चालतं. फाइल चुकली आणि नेटवर्कच गेलं तर?

जुनाखोड
'नेटप्लॅन अप्लाय' ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' चालवा. बदल लागू होतो आणि तुम्ही एंटर दाबून होकार द्यायची वाट बघतो. नेटवर्क गेलं तर तुम्हाला एंटर दाबता येणारच नाही, मग तो आपणहून जुनी मांडणी परत आणतो. त्याची मुदतही डिफॉल्टने १२० सेकंदच आहे. ही दोन मिनिटं मात्र कमी करू नका.